बाईसाहेबांचे पट्टे

“हे काय करून ठेवलंस माझ्या घोडीचं?” सासरे तबेल्याच्या दारातच ओरडले.

काळ्याभोर बाईसाहेब अंगभर पांढरे पट्टे मिरवत उभ्या होत्या. त्यांच्या पोटाखाली वाकून सून शेवटचा पट्टा ओढत होती. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा तिचा धंदा, त्यामुळे हात सरळ चालायचा. रंग म्हणजे पाण्यात कालवलेली खडूची पूड.

“पट्टे असले की घोडमाश्यांची नजर चुकते, बाबा. त्यांना अंगावर नीट बसताच येत नाही.”

“आणि लोकांची नजर? ती काय चुकणार आहे? सगळा रस्ता हसेल मला!”

“रविवारी काका तिला घेऊनच जाणार आहेत. हसायला वेळ कुणाला मिळतोय?”

गेल्या आठवड्यात बागेभोवती घोडागाडीची फेरी चालू असताना बाईसाहेबांना माशी चावली आणि त्यांनी अशी लाथ झाडली, की गाडीची पुढची फळी मोडली. गाडीत पोरं होती. नशीब, कुणाला लागलं नाही. घोडी तापट झाली, तुझ्या शेतावर घेऊन जा, असं सासऱ्यांनी त्याच दिवशी धाकट्या भावाला फोनवर सांगून टाकलं. त्या रात्री ते धड जेवलेही नाहीत.

सुनेने मात्र जंग जंग पछाडलं. धूर केला, तर सासरेच खोकून बेजार झाले. तोंडाला जाळी बांधली, ती बाईसाहेबांनी चावून फस्त केली. तिचा जीवच होता घोडीवर. ती सासरी आली तेव्हा या घरात तिच्याशी पहिल्यांदा नीट वागल्या त्या बाईसाहेबच.

“बघतोच किती माश्या कमी होतात ते,” म्हणत सासऱ्यांनी घोडीशेजारी स्टूल टाकलं आणि पायजमा वर खोचून ठाण मांडलं.

संध्याकाळी सून डोकावली.

“एक माशी कमी झालेली नाही!” सासरे कडाडले. “दिवसभर चावून चावून हैराण केलंय!”

“घोडीला?”

“मला!” त्यांनी पोटरीवर फाटकन चापट मारली.

“आणि घोडीला?”

सासऱ्यांनी वळून पाहिलं. बाईसाहेब निवांत डुलक्या घेत होत्या. शेपटीसुद्धा हलत नव्हती.

“योगायोग,” ते म्हणाले. “रविवारी ती जाणार म्हणजे जाणार.”

चूक कबूल करायची या घराण्यात पद्धतच नव्हती. सुनेने आत जाऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

रविवारी काकांचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला. सुनेने त्यांना पाणी दिलं, मग चहा दिला, मग दुसऱ्यांदा चहा विचारला. शेवटी काका स्वतःच उठले. नाइलाजाने ती त्यांच्यामागून तबेल्यात गेली, आणि दारातच थबकली.

बाईसाहेब शांतपणे चारा खात होत्या. शेजारी स्टुलावर सासरे बसले होते. हातात सुनेचा ब्रश होता आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय पांढऱ्या पट्ट्यांनी भरले होते. पट्टे वाकडेतिकडे होते, पण माशी एकही नव्हती.

काकांनी एकदा घोडीकडे पाहिलं, एकदा भावाकडे.

“दादा, न्यायचं नक्की कुणाला?”

“कुणालाच नाही. घोडी इथेच राहणार,” सासरे पायावर फुंकर मारत म्हणाले. “आणि तू आधी बाहेर पळ. आता माश्यांना तूच उरलायस.”