उजवा स्पीकर

दातांच्या डॉक्टरांना जुन्या रेकॉर्डचं भारी वेड. पण आवाज वाढवणाऱ्या त्यांच्या दोन मशीनींपैकी प्रीअँप एका जमान्यातला, पॉवर अँप दुसऱ्या जमान्यातला, आणि दोघांचं काही केल्या पटेना. जोडले की स्पीकरमधून बारीक घूंऽऽ सुरू. तीन वर्षांत डॉक्टरांनी चार प्रीअँप बदलले, वायरी बदलल्या, अर्थिंगसाठी बायकोचा मोगऱ्याचा वाफा उकरला. तेव्हापासून तिने या विषयावर बोलणंच सोडलं होतं.

पाचवा प्रीअँप जमल्यासारखा वाटला, तसे त्यांनी दोन दर्दी मित्र, एक वकील आणि एक प्राध्यापक, पारखायला बोलावले. रेकॉर्ड लावायची नाही, आवाज पूर्ण वाढवायचा आणि डोळे मिटून स्पीकरला कान लावायचा, ही त्यांची पद्धत. आधी डावा स्पीकर.

वकिलांनी बराच वेळ कान लावला.

"घूं गेली," वकील म्हणाले. "शांतता काय खोल आहे हो."

"आणि उबदार," प्राध्यापकांनी कान लावून दुजोरा दिला. "नव्या मशीनची शांतता कोरडी असते."

डॉक्टरांनी दोघांचेही हात हातात घेतले.

तेवढ्यात कपड्यांच्या घड्या घेऊन बायको आतल्या खोलीतून आली. "अहो, इस्त्रीसाठी तुमच्या मशीनचा प्लग मघाशीच काढला होता मी. लावू का परत?"

वकिलांनी डोळे न उघडताच हात वर केला.



"थांबा वहिनी, इतक्यात नको. उजवा स्पीकर ऐकायचा राहिलाय."