उरलेला तुकडा

एक आकडा चढा निघाला, की बर्फ तपासणाऱ्या बाईंची नोकरी कायम होणार होती. ध्रुवावरच्या बर्फाच्या चकत्या वितळवून, प्राचीन समुद्रानं हवेत सोडलेलं गंधक त्या मोजत. बर्फाला कधी वास येत नसे. ही चकती मात्र सडक्या शेवाळासारखी घाण मारत होती.

"सर, वास बघा हो!" बाई साहेबांना म्हणाल्या.

"आकडा बघा बाई, नाकाला कोण पगार देतं?"

गंधकाचा आकडा नेहमीच्या तिप्पट निघाला आणि सरांनी तिथंच नोकरीच्या कागदावर सही ठोकली. उरलेला तुकडा घरी न्यायचा प्रयोगशाळेचा रिवाज होता; धुतल्यावर वास गेला, म्हणून बाईंनी तो लेकीसाठी नेला. पाण्यात टाकला, की आत कोंडलेली जुनी हवा तडतडते. लेकीनं पेल्यातल्या पाण्यासकट तो गट्ट केला.

जेवताना तडतड पुन्हा ऐकू आली, पण पेला रिकामा होता.

"तोंड उघड बघू, राणी."

लेकीनं नकारार्थी मान हलवली. मिटल्या ओठांतून कोमट, हिरवट, बुळबुळीत ओघळ हनुवटीवर आला.

नोकरी आईला मिळाली होती. किंमत लेकीच्या पोटात तडतडत होती.