वर्षातला वरचा भाव

"आबा, हे बघा." रविराजनं मोबाईल बापाच्या तोंडासमोर धरला. "वर्षभरातला सगळ्यात वरचा भाव. आज सकाळीच."

कोंडीबाला आकडे काही दिसले नाहीत, हिरवी रेघ तेवढी दिसली. त्याला ती पुरे होती. गुडघ्यानं दगा दिला तेव्हा त्यानं देवाच्या नावानं मोकळी सोडलेली वगळून बाकी सगळी मेंढरं आटपाडीच्या बाजारात विकली होती, आणि पोरानं ते पैसे एका रंगाच्या कंपनीच्या शेअरमध्ये घातले होते. बोली एकच होती. गुडघा धड झाला आणि भाव वर्षात सगळ्यात वर गेला, की शेअर विकायचा आणि मेंढरं आणायची. गुडघा दिवाळीलाच धड झाला होता. तेव्हापासून म्हातारा भावाची वाट बघत बसला होता.

मेंढरं कोंडायची जाळी, वाघर, त्यानं अंगणात पसरून दुरुस्त केली होती. पुढं चालणाऱ्या मेंढ्याच्या गळ्यातली पितळी घंटा राखेनं घासून उन्हात ठेवली होती.

"इक मग," तो म्हणाला. "शनवारी आटपाडीला जाऊ."

रविराज खुर्चीत जरा सरकला. "तसं नसतं, आबा. वर्षातला वरचा भाव म्हणजे कंपनीत दम हाय. आता लोक घ्यायला धावणार. अजून लय वर जाईल."

"बकरी ईदच्या आदल्या बाजारात बी लोक धावत्यात. सण झाला की दुसऱ्या दिवशी बकऱ्याला कोण इचारतंय?"

"शेअरला सण नसतो."

"मग खाली आला म्हंजे इकायचा?"

"खाली आल्यावर कोण विकतंय? तवा तर थांबायचं असतं."

"वर गेला तरी थांबायचं, खाली आला तरी थांबायचं. मग इकायचा कवा, रवी?"

"जेवून घेतो, मग बघू," पोरगं म्हणालं, आणि मोबाईल चार्जिंगला लावून आत गेलं. शेअर बाजार बंद व्हायला अजून अवकाश होता. कोंडीबानं तेवढ्यात घंटा परत एकदा धोतरानं पुसून घेतली.

रविराज हात धुऊन आला, तर मोबाईल देव्हाऱ्यात बिरोबापुढं. काचेवर पिवळाधमक भंडारा. शेजारी त्याची आई हरणाबाई हात जोडून उभी.

"आये, हे काय केलंस?"

"लय वर गेलंय म्हन्लास न्हवं? कळपातल्या देखण्या जनावराला लावायचो, तसा लावला. कुनाची नदर लागाय नगं."

रविराजनं पुसायला हात पुढं केला आणि तो मधेच थांबला. मग बापाकडं वळला.

"आबा, भंडारा लावलेलं जनावर आपण कवा विकलंय?"

"कदीच न्हाई," कोंडीबा म्हणाला. "भंडारा लागला की ते देवाचं."

"मग झालं तर. आता ह्यो शेअर कसा विकायचा?"

हरणाबाईचा चेहराच उतरला. "आरं, मी आपली नदर लागू नये म्हनून…"

कोंडीबानं तिला हातानं थांबवलं. पोराकडं बघत राहिला. हा पोरगा बिरोबाच्या जत्रेला आला तरी गाडीतच बसून राहायचा.

"तू कवापास्नं मानाय लागलास?"

"मी कुठं मानतो? तुमी मानता."

हे म्हाताऱ्याला लागलं. पण त्यात खोटं काही नव्हतं. तो उठून अंगणात गेला. वाघर गुंडाळून त्यानं परत माळ्यावर टाकली. हरणाबाई दारात उभी राहून बघत होती. तिला रडू येत होतं, पण देवाला लावलेलं पुसायचा धीर तिलाही होईना.

मग कोंडीबा घंटा घेऊन आत आला आणि ती त्यानं देव्हाऱ्यात मोबाईलला टेकवून ठेवली.

रविराज हसला. "हे कशाला, आबा?"

"देवाचं जनावर मोकळं फिरतंय," कोंडीबा म्हणाला. "कुठवर गेलं ते आमाला कळाय नगं?"