आधी बॅटरी

“आई, हा राउटर भंगारात द्या. कंपनीने त्याचे अपडेट बंद केलेत,” कॉम्प्युटरच्या नोकरीतली शलाका सासूबाईंना दोनदा म्हणाली होती. आज सासूबाई त्याच राउटरवर जगभरच्या हौशी लोकांनी लिहून फुकट वाटलेलं फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारं सॉफ्टवेअर, चढवत होत्या.

“मध्येच वीज गेली तर तो कायमचा मेला,” असं शलाका म्हणते तोच पंखा थांबला.

तिने चटकन राउटरकडे पाहिलं. पण राउटरचा दिवा लुकलुकतच होता. त्याची वायर टेबलाखाली सासऱ्यांच्या स्कूटरच्या बॅटरीला जोडलेली होती.

“टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढली,” सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. “तिथे आधी बॅटरी बघायची, मग मशीनला हात लावायचा.”

शलाकाने कपाटातला आपला बंद पडलेला लॅपटॉप आणून त्यांच्यापुढे ठेवला.