बुंदीचा उपास

कुसुमताईंनी मनगटावरचा, बुंदीच्या गळपट्ट्याशी जोडलेला पट्टा चाचपला. बुंदीच्या पोटात कळ आली की या पट्ट्यामुळे त्यांच्याही पोटात येई. मऊ भात झाला, उकडलेला भोपळा झाला, पण एवढ्याशा कुत्रीला काहीच मानवत नव्हतं.

"आता काय देऊ हिला?" प्राण्यांच्या दवाखान्यात बुंदीला टेबलावर ठेवत त्यांनी विचारलं.

डॉक्टर पेठकरांनी पट्ट्यावरची नोंद पाहिली. "ताई, पट्टा दोन्हीकडून चालतो. कळ तुमच्याकडून तिच्याकडे जातेय. तुम्ही काय खाताय?"

"हिला बरं वाटावं म्हणून उपास धरलेत. नुसत्या चहावर आहे."

डॉक्टरांनी बुंदीचा अळणी भाताचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

"उपास मोडेल," त्या पुटपुटल्या.

"मोडा. तिलाही घडतोय तो."

बुंदीवरची नजर न हलवता कुसुमताईंनी पहिला घास घेतला.