लाल ओळी

"तू आलीस आणि हे लाल दिसायला लागलं," डोंगरे साहेब स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाले. "आधीचा ढवळे होता तोवर एक चूक नव्हती."

चुका तेव्हाही होत्या. लसींच्या फ्रीजचं तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रामला ढवळेने सांगून ठेवलं होतं, की चूक आली तर गप्प बस आणि जुनाच आकडा दाखव. आज रुजू होताच हेमांगीने तेवढी सूचना काढून टाकली होती.

"सर, दोन नंबरच्या फ्रीजकडून आकडाच येत नाहीये. किल्ली द्या, बघून येते." हे ती तिसऱ्यांदा सांगत होती.

"दुपारी कलेक्टर येतायत. आधी ते लाल घालव."

पहिल्याच दिवशी तिच्यात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. तिने ढवळेची सूचना परत टाकली. लाल ओळी गेल्या, हिरव्या अक्षरांत 'चार अंश' उमटलं.

"झालं की नाही दुरुस्त! घे किल्ली, बघून ये हवं तर." साहेब खुशीत चहाला गेले.

हेमांगीने फ्रीज उघडून आत हात घातला. उद्या बाळांना टोचायच्या कुप्या तिच्या तळहाताइतक्याच कोमट होत्या.