क्लच स्पेशालिस्ट

तिसऱ्यांदा तीच मोटारसायकल दुकानासमोर उभी राहिली, तेव्हा भावेशने काही विचारलं नाही. मान वर न करता नुसती किल्ली मागितली. गाडी तलासरी नाक्याच्या चढावर नेली आणि गिअर टाकून पिळली. इंजिन बोंबलत राहिलं, गाडी काही पुढे सरकेना. जळलेल्या प्लेटांचा वास नाकात गेला तसं त्याचं डोकं फिरलं. दोन महिन्यांत दोनदा त्याने स्वतःच्या हाताने या गाडीला नव्या क्लचप्लेटा घातल्या होत्या.

भावेशच्या हाताखालून गेलेली गाडी त्याच रोगासाठी परत येत नसे. पालघर जिल्हा झाला त्या वर्षी त्याने दुकानाचा बोर्ड नव्याने रंगवून घेतला, त्यावर ‘क्लच स्पेशालिस्ट’ असं लाल अक्षरांत लिहवून घेतलं, आणि तेव्हापासून तीन वर्षं तो हा टेंभा मिरवत होता. गिऱ्हाइकाने किल्ली द्यायची आणि समोर हिराबाईच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचं, हा त्याचा नियम. माणूस बोलायला लागला की गाडीचा आवाज ऐकू येत नाही म्हणे. वरच्या पाड्यांवरून आलेल्यांना तर तो हिंग लावूनही विचारत नसे. कालपर्यंत बैल हाकत होते, आज गिअर टाकतात, असं त्यांच्या तोंडावर म्हणायचा. त्यांचे चेहरे त्याला आठवत नसत, गाड्यांचे नंबर आठवत.

या गाडीचा मालक उधव्याचा काकड्या. मागे भाजीच्या गोणी बांधून तो रोज तलासरीच्या बाजारात यायचा. पहिल्या खेपेला क्लच दाबताना काय होतं ते सांगायला त्याने तोंड उघडलं, तर भावेशने त्याला टपरीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या खेपेलाही तेच.

आता तिसऱ्या खेपेला भावेशने क्लचची वायर पाहिली आणि त्याला चोर सापडला. दोन्ही वेळा त्याने लिव्हरला नेमकी दोन नाण्यांच्या जाडीएवढी ढील ठेवली होती. ती कोणीतरी नट पिळून पार संपवली होती. वायर इतकी ताणलेली, की लिव्हरला हात न लावताच क्लच अर्धा दाबलेला. मग प्लेटा जळणार नाहीत तर काय होणार?

टपरीवर चार माणसांत त्याने काकड्याला झापलं. वायर कोणी ताणली म्हणून विचारलं. मीच ताणली, काकड्या म्हणाला, ढील असली की मला क्लच पुरता दाबता येत नाही. भावेश सगळ्यांकडे बघत हसला.

“दाबता येत नाही म्हणे. अक्कल नाही आणि नट पिळायला निघाला. जा, तुमच्या उधव्यात तो उमेश बसलाय ना, त्याच्याकडे ने. त्याने ही गाडी महिनाभर चालवून दाखवली, तर हा बोर्ड मी उतरवीन.”

उमेश वापीला काम शिकून आलेला मेकॅनिक. चार पत्रे ठोकून त्याने उधव्यात दुकान टाकलं होतं. भावेश त्याला मेकॅनिक म्हणत नसे, पंक्चरवाला म्हणे.

महिना उलटला. काकड्याची गाडी रोज गोणी लादून नाक्यावरून जात होती. चढावर तिचा आवाज किती स्वच्छ येतो, हे भावेशच्या कानांना नको तेवढं कळत होतं. लोकही काही विसरले नव्हते. हिराबाईने तर बोर्ड आडोशाला म्हणून आधीच मागून ठेवला, तिच्या स्टोव्हला वारा लागत होता. भावेश वरवर हसला, पण आतून हादरला. तो बोर्ड गेला तर नाक्यावर त्याला कोण विचारणार होतं?

रविवारी तो उधव्याला गेला. उमेशने काहीतरी लबाडी केली असणार. ती पकडायची आणि बोर्ड वाचवायचा. काकड्याने अंगणात खाट टाकली, बायको रूपीला पाणी आणायला सांगितलं. भावेश खाटेकडे न बघता सरळ गाडीपाशी गेला. वायरला ढील होती, नेमकी दोन नाण्यांची. लिव्हर मात्र दुसरीच होती. कुठल्यातरी छोट्या गाडीची, आत वळलेली, मुठीच्या अगदी जवळ आलेली. भावेशला हसू आलं. याला काय दुरुस्ती म्हणायचं?

“लिव्हर कशाला बदलली रे?”

काकड्याने गाडीचा स्टँड काढला. तो गाडीवर बसला आणि त्याने डावा हात मुठीवर ठेवला. त्या हाताला अंगठा होता आणि दोनच बोटं, तीही आखूड. जुन्या लिव्हरला त्या बोटांची टोकं जेमतेम लागली असती. नव्या लिव्हरला ती पुरती वेढून बसली. क्लच आत गेला, गिअर अलगद पडला. उमेशने गाडी खोलायच्या आधी मला तिच्यावर बसवलं होतं, काकड्या म्हणाला.

भावेशचा चेहरा उतरला. मग त्याला एक वाट दिसली. हात नुकताच कुठल्या यंत्रात सापडला असेल, तर आपल्याला ते कसं कळणार होतं? नाक्यावर तसं सांगता आलं असतं. बोर्ड राहिला असता. तो पुढे झाला आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका गिऱ्हाइकाला त्याने हळू, मायेच्या आवाजात विचारलं,

“हे कधी झालं रे?”

“हात व्हय?” काकड्या म्हणाला. “जलमापासून असाच हाय, शेठ.”